जुन्या गाड्यांची डायकास्ट मॉडेल्स : विदर्भातल्या गावाकडून येणारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहतो आणि गेली २२ वर्षं जुन्या मोटारी-ट्रकांची धातूची लहान मॉडेल्स जमवतो. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, बाजाराच्या दिवशी रस्त्यात थांबवून लोक तेच ते प्रश्न विचारतात. या छंदावर इंटरनेटवर पुष्कळ माहिती आहे, पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर थंड देशातली घरं असतात, नाहीतर मोठ्या शहरातले फ्लॅट. टिनाच्या घरात, कूलरच्या वाऱ्यात, मे महिन्याच्या उन्हात मॉडेल कसं टिकवायचं हे त्यात सापडत नाही. म्हणून आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डायकास्ट म्हणजे नेमकं काय? जत्रेतल्या पत्र्याच्या गाडीत आणि हिच्यात फरक काय?

वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरून जी वस्तू काढतात ती डायकास्ट. हा धातू लोखंड नसतो. मुख्यतः जस्त, त्यात साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. या मिश्रधातूला झॅमॅक म्हणतात. चारही धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. तो साधारण ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे पोलादापेक्षा फार आधी. त्यामुळे एकाच साच्यातून हजारो गाड्या निघतात आणि बोनेटची जाळी, दाराची फट असे बारकावेही उमटतात.

पत्र्याची गाडी कापून, वाकवून, खाचेत अडकवून केलेली असते. शंका असेल तर अंगाला चुंबक लावा. पत्र्याला चिकटेल, जस्ताला चिकटणार नाही. आसाला मात्र दोन्हीकडे चिकटेल, कारण तो बहुधा पोलादाचा असतो. दुकानात मिळणाऱ्या सेंटी कंपनीच्या अँबेसेडर आणि ट्रक छान असतात, पण त्या मुख्यतः प्लास्टिकच्या. त्या जमवू नयेत असं मी म्हणत नाही. फक्त डायकास्ट म्हणून घेऊ नका.

२. खोक्यावर १:४३, १:६४ असं लिहिलेलं असतं ते काय?

खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढं मॉडेल आहे ते. अँबेसेडर साधारण ४.३ मीटर लांब. १:१८ मध्ये ती २४ सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये १० आणि १:६४ मध्ये पावणेसातच्या आसपास. म्हणजे पहिली वीतभर जागा घेते, दुसरी तळहातावर मावते, तिसरी मुठीत.

४३ हा विचित्र आकडा रेल्वेच्या मॉडेलांमुळे आला. ब्रिटनमधल्या ओ गेज नावाच्या मॉडेल रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर असं माप धरत, आणि फुटाच्या ३०४.८ मिलिमीटरांना ७ ने भागलं की ४३.५ येतात. स्टेशनाबाहेर उभ्या करायला गाड्या हव्यात, म्हणून त्याच मापाच्या गाड्या निघाल्या. स्वस्तातल्या लहान गाड्यांचं माप मात्र काटेकोर नसतं. ट्रक असो की कार, सगळं सारख्याच डब्यात बसवायचं असल्याने ट्रक जास्त लहान केलेला असतो.

३. भाऊ, एवढ्याश्या गाडीचे दोन हजार काऊन द्यावे?

नका देऊ. दीडशे-दोनशे रुपयांत हॉट व्हील्स किंवा मॅचबॉक्सची नवी गाडी मिळते आणि त्यांतही जुन्या गाड्यांची मॉडेल्स असतात. किंमत वाढते ती सुटे भाग, हातकाम आणि कमी संख्येमुळे. आरसे, वायपर, आतलं डॅशबोर्ड, उघडणारं बोनेट हे सगळं वेगळं करून बसवावं लागतं. जुन्या गाडीची किंमत तर रंग, खोकं आणि दुर्मीळपणा यांवर असते. पैशाची चांगली-वाईट बाजू प्रश्न १८ मध्ये आहे.

४. सुरुवात कुठून करू? समोर दिसेल ती घ्यावीशी वाटते.

पहिल्या वर्षी माझंही तेच झालं. चाळीसेक गाड्या झाल्या, त्यांत फेरारी, अमेरिकन पोलीस कार, एक बर्फ ओढणारा ट्रक. एकाही गाडीबद्दल मला दोन वाक्यं बोलता येत नव्हती.

माझं सांगणं असं की आपल्या रस्त्यावरून जी गाडी धावली तिच्यापासून सुरुवात करा. तुमच्या गावात पहिली मोटार कोणती आली? कापूस जिनिंगला कशातून जायचा? डॉक्टर कोणत्या गाडीतून यायचे? माझे वडील फार्गो ट्रक चालवत. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की रात्री-बेरात्री ते परत यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला सरकीचा आणि डिझेलचा वास असायचा. फार्गो आणि डॉज हे ट्रक आपल्याकडे प्रीमिअर ऑटोमोबाइल्स अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या परवान्याने बनवत असे, हे मला फार पुढे कळलं. ते कळल्यावर डॉजच्या त्या काळच्या ट्रकचं मॉडेल शोधायला लागलो आणि तिथून संग्रहाला दिशा आली.

चार-पाच ओळींची यादी करा आणि ती खिशात ठेवा. उदाहरणादाखल माझी: जीप, अँबेसेडर आणि तिचे पूर्वज, फियाट ११००, नाकवाले ट्रक, शेतातले ट्रॅक्टर. यादीबाहेरचं काही घेताना मी एक रात्र थांबतो. बहुतेक वेळा सकाळी ते नको वाटतं.

५. अँबेसेडर, पद्मिनी, जीप यांची धातूची मॉडेल्स खरंच मिळतात का?

मिळतात, पण थेट नावाने कमी. परदेशी पूर्वज शोधला तर जास्त. आपल्या बहुतेक जुन्या गाड्या मूळच्या परदेशी, त्यामुळे हा मार्ग चांगला चालतो.

अँबेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. हिंदुस्थान मोटर्सने ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनवली आणि २०१४ मध्ये थांबवली. टॅक्सीच्या रंगातली अँबेसेडर १:४३ मध्ये निघाली आहे. तिच्याआधीची लँडमास्टर म्हणजे ऑक्सफर्ड सीरिज २, आणि त्याआधीची हिंदुस्थान १४ म्हणजे ऑक्सफर्ड एमओ. या एमओचं मॉडेल डिंकी या ब्रिटिश ब्रँडने (प्रश्न ९) १९५० साली काढलं होतं. म्हणजे हिंदुस्थान १४ हवी असेल तर डिंकीची मॉरिस ऑक्सफर्ड शोधा.

पद्मिनीसाठी फियाट ११०० शोधा. पद्मिनी हे नाव १९७४ चं. जीप सर्वांत सोपी. मूळ अमेरिकन विलीज जीपची मॉडेल्स जगभर निघाली. माझ्याकडची आवडती म्हणजे मॅचबॉक्सची ७२ क्रमांकाची पिवळी जीप. ट्रॅक्टरवाल्यांसाठी डिंकीचा मॅसी हॅरिस आणि कॉर्गीचा मॅसी फर्ग्युसन ६५ आहेत.

लाल डबा एसटी हवी असेल तर ती फोमशीट आणि पुठ्ठ्यातून हाताने बनवणारी मुलं महाराष्ट्रात आहेत. ते डायकास्ट नाही, पण त्या मुलांचं काम पाहून मी थक्क होतो.

६. जुन्या भारतीय ट्रकचं हुबेहूब मॉडेल का मिळत नाही? टाटा-मर्सिडीज तर गल्लोगल्ली होत्या.

कारण कारखान्यातून पूर्ण ट्रक बाहेर पडायचाच नाही. चासी, इंजिन आणि पुढचा काउल एवढंच मिळायचं. कॅबिन आणि मागची बॉडी गावोगावचे बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्र्यातून बांधत. नागपूरच्या बॉडीची फळी वेगळी, पंजाबच्या बॉडीचा मुकुट वेगळा. नक्षी, जाळी, मागची अक्षरं तर मालकाच्या मनावर. दोन सारखे ट्रक शोधून सापडायचे नाहीत, मग कंपनी साचा कोणाचा करणार?

काउल आणि बोनेट मात्र सारखंच असे, आणि तिथेच आपला धागा आहे. टेल्को (टाटांची ट्रक कंपनी) आणि डाइम्लर-बेंझ (मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी) यांचा करार १९५४ ते १९६९ असा होता. त्या काळातल्या गोल नाकाच्या मर्सिडीज ट्रकांची मॉडेल्स जर्मन कंपन्यांनी काढली आहेत. बोनेटवरचं चिन्ह बघायला विसरू नका: करार संपेपर्यंत तीन टोकांचा तारा, नंतर त्या जागी टाटांचं टी. ताऱ्यावाला ट्रक घेऊन त्याला १९७५ सालच्या देखाव्यात उभा केला तर जुना ड्रायव्हर लगेच बोट ठेवेल. माझ्याकडे ठेवलंच होतं.

अशोक लेलँडवाल्यांसाठी डिंकीची लेलँड कॉमेट आहे, १९४९ ची. मद्रासच्या अशोक मोटर्सचं नाव १९५५ मध्ये अशोक लेलँड झालं आणि आपल्याकडे कॉमेट हे नाव पुढे अनेक वर्षं रस्त्यावर राहिलं. डिंकीची कॉमेट ही त्या घराण्यातली पहिल्या पिढीची गाडी. माझी कॉमेट भंगारवाल्याच्या ताजव्यातून आली. पुढचं एक चाक नाही, फळ्यांवरचा रंग जवळजवळ सगळा गेलेला, पण जाळीच्या उभ्या रेघा अजून नखाला लागतात. ती मी रोज एकदा हातात घेतो.

७. आमच्या गावात खेळण्याचं दुकानही नाही. गाड्या आणायच्या कुठून?

नव्या गाड्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या दुकानांत येतात. नागपूरला गेलात तर सीताबर्डीत चक्कर मारा, इतवारीत घाऊक बाजार आहे. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला आधीच लिहा की खोक्यात गाडी हलायला नको. एकदा मे महिन्यात माझं पार्सल कुठल्यातरी गोदामात सहा दिवस पडलं आणि उघडलं तेव्हा काचेचं प्लास्टिक वाकून कमानीसारखं झालं होतं. तेव्हापासून १५ एप्रिल ते मृगाचा पाऊस या काळात मी काहीच मागवत नाही.

जुन्यांसाठी खरी जागा म्हणजे भंगारवाले आणि जुनी घरं. भंगारात या गाड्या जस्त म्हणून किलोवर जातात. आमच्याकडच्या दोन भंगारवाल्यांना मी चहा पाजत सांगून ठेवलंय, की खेळण्यातली जड गाडी आली तर फोडू नका, मला फोन करा. जास्तीचे पैसे द्या आणि रोख द्या. निरोप येत राहतात.

घरात जाऊन मागताना जरा जपून. ज्या माणसाला वस्तूची किंमत माहीत नाही त्याच्याकडून पन्नास रुपयांत नेणं मला जमत नाही. जे आहे ते सांगतो, मग तो ठरवतो.

८. परदेशातून मागवली तर कस्टम किती लागतं?

मॉडेल गाड्या आयातीत खेळण्यांच्याच वर्गात धरल्या जातात. खेळण्यांवरचा मूळ आयातकर २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला. त्यावर इतर कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च वेगळा. म्हणजे दोन हजारांची गाडी घरी येईपर्यंत सहज साडेतीन-चार हजारांची होते. मागवायच्या दिवशीचा दर बघूनच पुढे जा. मी दहा वर्षांत दोनदाच मागवल्या.

९. हाती आलेली जुनी गाडी कोणत्या कंपनीची, कधीची, हे कसं ओळखायचं?

उलटी करा. बहुतेक सगळं तळावर असतं.

डिंकी: मेक्कानो लिमिटेडचं नाव आणि मेड इन इंग्लंड. फ्रँक हॉर्नबीच्या या कंपनीने लिव्हरपूलला १९३४ पासून डिंकी या नावाने गाड्या काढल्या. कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. चाकाचा मधला भाग अगदी सपाट-गुळगुळीत असेल तर दुसऱ्या महायुद्धाआधीची असण्याची शक्यता, कंगोरा असेल तर नंतरची. युद्धाआधीच्या असतील तर प्रश्न १० ताबडतोब वाचा.

मॅचबॉक्स: तळावर लेस्नी, हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव. सुरुवात १९५३ ची. लेस्नीचा भागीदार जॅक ओडेल याच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येत असे, म्हणून त्याने तिला लहानसा रोड रोलर करून दिला आणि त्यातून ही मालिका आली. चाकं बघा: आधी धातूची, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी, आणि १९६९ पासून पातळ आसावरची वेगाने धावणारी सुपरफास्ट. लेस्नी १९८२ मध्ये बुडाली. त्यानंतरच्या गाड्यांवर मकाव, चीन, थायलंड दिसतं. जुन्या काळच्या मोटारींची खास मालिका त्यांनी १९५६ पासून काढली, मॉडेल्स ऑफ यस्टरइअर. विंटेज आवडणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

क्रमांकावर विसंबू नका. मॅचबॉक्स तोच क्रमांक पुन्हा वापरत असे. ७२ क्रमांक आधी फोर्डसन ट्रॅक्टरचा होता, नंतर प्रश्न ५ मधल्या जीपचा.

कॉर्गी: १९५६ पासून, वेल्समधल्या स्वान्सीच्या. खिडक्यांना प्लास्टिकच्या काचा त्यांनी पहिल्यापासून दिल्या.

आणि आपली निकी! डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. तळावर डिंकी खोडून निकी केलेलं दिसतं. भिंगातून पाहिलं तर खरवडलेली जागाही दिसते. रंग जाड, ओतकाम जरा राकट. त्यांत स्टँडर्ड २० मिनीबससुद्धा आहे, जी खरी गाडी मद्रासला बनायची. परदेशी संग्राहक यांच्यासाठी भांडतात आणि आपल्याकडे त्या भंगारात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे लिओ या नावाखाली भारतात हॉट व्हील्सही बनल्या. पस्तीस-चाळिशीतल्या पुष्कळांनी लहानपणी त्या हाताळल्या असतील.

१०. गाडीच्या अंगावर बारीक भेगा पडल्यात, धातू फुगून वाकलाय. पडली तर नव्हती. काय झालं?

जस्ताचा रोग. संग्राहक त्याला झिंक पेस्ट (इंग्रजीत पेस्ट म्हणजे कीड) म्हणतात. ओतताना जस्तात शिसं किंवा कथील मिसळलं गेलं की धातूच्या कणांच्या सीमारेषांवर आतल्या आत गंज चढतो. धातू फुगतो, तडकतो, शेवटी बोटांत भुगा होतो. युद्धाआधीच्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण तेव्हा कारखान्यात उरलंसुरलं शिसं त्याच भट्टीत जाई. शुद्ध जस्त वापरायला लागल्यावर हे कमी झालं, संपलं नाही.

इलाज नाही. डिंक, लाख, रंग काही लावून थांबत नाही. ओलावा आणि उष्णता कमी ठेवली तर वेग मंदावतो. तो शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे घाबरून फेकू नका. चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि उचलणं बंद करा. पांढरी भुकटी वर दिसतेय पण भेगा नाहीत, तर तो वरवरचा गंज असू शकतो. प्रश्न १३ पाहा.

११. आमचं घर टिनाचं. मे महिन्यात गाड्या खराब होतात का?

धातू होत नाही, बाकी सगळं होतं. पारा ४५ च्या पुढे गेला की टिनाखालच्या आलमारीत त्याहून जास्त तापतं. जस्ताला त्याचं काही नाही. पण टायर, खिडक्या, डिंक आणि स्टिकर यांना ते सोसत नाही.

सगळ्यांत मोठा घात टायर करतात. मऊ प्लास्टिकच्या टायरमधलं तेलकट द्रव्य उन्हाळ्यात बाहेर येतं आणि ज्या प्लास्टिकवर टायर टेकलाय ते विरघळवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मी यस्टरइअरच्या सहा गाड्या प्लास्टिकच्या पाटावर ठेवून लग्नाला गेलो. दहा दिवसांनी उचलायला गेलो तर गाडी पाटासकट आली. टायरखाली चार खड्डे, खड्ड्यांत काळा चिकट राळेसारखा पदार्थ. आता मी प्रत्येक गाडीच्या पोटाखाली आइस्क्रीमच्या काडीचे दोन तुकडे ठेवतो, म्हणजे चाकं जमिनीला टेकतच नाहीत. फळी काचेची असेल तर आणखी बरं.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत सोडा. मधल्या खोलीत, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर ठेवा. वरचे कप्पे सर्वांत तापतात. मातीची भिंत असलेली जुनी खोली असेल तर ती सिमेंटच्या खोलीपेक्षा कितीतरी चांगली. खिडकीतलं ऊन थेट पडू देऊ नका, त्याने रंग फिका होतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं.

आता कूलर. गाड्यांनाही गार वाटावं म्हणून पुष्कळ जण शोकेस कूलरसमोर ठेवतात. तसं करू नका. कूलरचा वारा ओला असतो, बोअरच्या पाण्याचे क्षार त्यात येतात आणि काचेवर पांढरा थर बसतो तोच गाडीवरही बसतो. आसांना गंज चढतो तो पावसाळ्याइतकाच कूलरमुळे. कूलरच्या खोलीत शोकेस ठेवावीच लागली तर दार घट्ट बसणारी घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

१२. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी येते, कसर लागते. डांबर गोळ्या ठेवू का?

नका ठेवू. डांबर गोळ्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते. खिडक्या धुरकट होतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, पण तो खोक्याला टेकायला नको.

मोकळी खोकी चपटी करून ठेवू नका, घडीवर तुटतात. आत साधा पांढरा पातळ कागद हलका भरा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. स्पंज तर अजिबात नको. काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होऊन रंगाला लागतो. फुग्यांचं प्लास्टिक पार्सलपुरतं ठीक, वर्षभर गुंडाळून ठेवलं की रंगावर गोल ठसे उमटतात. जुनं धुतलेलं सुती धोतर फाडून त्यात गुंडाळलेल्या माझ्या गाड्या सगळ्यांत चांगल्या राहिल्या आहेत.

सिलिका जेलचा रंग बदलला की तो ओला झाला समजा. जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या कढईत मंद आचेवर भाजला की पुन्हा चालतो. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते लेकरांपासून लांब ठेवा.

१३. साफ कशी करायची?

कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, जुना मऊ ब्रश. लगेच मऊ कापडाने टिपून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. कागदी स्टिकर असेल तर पाणी लावूच नका. थिनर, रॉकेल, पेट्रोल, चिंच, पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही नको. चाक अडत असेल तर शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन आसाला लावा, टायरला लागू देऊ नका.

वरवरची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने निघते. ती परत परत येत असेल तर जागा ओली आहे. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत हवेत तंतू असतात, ते जाळीत आणि आसाभोवती गुंततात. चिमट्याने काढा, ओढू नका.

१४. रंग उडालाय. नवा रंग मारून चकाचक करू का?

माझं मन नाही म्हणतं, आणि का ते सांगतो. भंगारात सापडलेल्या एका बेडफर्ड टिपरला मी सुरुवातीच्या काळात कॅनमधला लाल रंग मारला. दिसायला नवीन झाली. नंतर तिच्या मूळ घरच्या आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, बोनेटवर दातांचे ठसे होते, माझ्या धाकट्याला दात येत होते तेव्हाचे. मी ते ठसे रंगाखाली गाडले होते. ती गाडी मी आजही दर्शनी ठेवत नाही.

ज्या गाडीवर मूळ रंगाचा निम्मा तरी भाग उरलाय ती तशीच ठेवा. पूर्ण उघडी पडलेली, चाकं नसलेली, वर आणखी कोणीतरी घरगुती रंग फासलेली असेल तर दुरुस्त करायला हरकत नाही. पण तळाच्या आत लहान अक्षरांत रंगवल्याचं साल लिहा. संग्राहकांत मूळ कंपनीची गाडी कोड १, कंपनीच्या परवानगीने बदललेली कोड २ आणि कोणी स्वतःच्या मनाने बदललेली कोड ३ म्हणतात. रंगवलेली गाडी कोड १ म्हणून विकणं ही फसवणूक आहे. नकली टायर आणि नकली खोकीही मिळतात. वापरा, पण विकताना सांगा.

१५. मॉडेलला आमच्या जिल्ह्याची नंबर प्लेट लावली तर?

कागदावर छापून, काढता येईल अशी लावा. फक्त साल जुळवा. एमएच-२९ यवतमाळ, एमएच-३१ नागपूर, एमएच-२७ अमरावती ही पद्धत १ जुलै १९८९ पासून, नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. १९६२ च्या फियाटवर एमएच-२९ लावलं तर चुकतं. घरी जुना फोटो किंवा आरसी बुक असेल तर त्यावरचा खरा क्रमांक उतरवा.

१६. लेकरं खेळायला मागतात. द्यावी का?

नवी स्वस्त गाडी द्या, आणि मोकळ्या मनाने द्या. तान्ह्या पोळ्याला आपण लेकरांच्या हाती लाकडी नंदी देतो तो ओढायलाच ना? जुन्या गाड्या मात्र लहानांना देऊ नका, कारण त्या काळच्या रंगांत शिसं असे आणि लेकरं वस्तू तोंडात घालतात. मोठ्या मुलांना माझ्या हातातली गाडी माझ्यासमोर बघू देतो. हात धुऊन, खाली चादर अंथरून. भाच्याला मी सातव्या वर्षी यादी वाचायला शिकवली. आता तळ बघून साल सांगतो.

१७. फोटो चांगले येत नाहीत.

मोबाइल जमिनीला टेकवा आणि गाडीच्या हेडलाइटच्या उंचीवरून काढा. सकाळी आठच्या आधीचा उजेड वापरा. खाली आपली काळी माती चाळणीने दोनदा चाळून पसरा. न चाळलेल्या मातीतले खडे रंगाला ओरखडे पाडतात. ट्रकवर कापसाचं बोंड सोडवून भरलं की १:४३ च्या मापात तो कापूस गाठोड्यांसारखा दिसतो. काम झालं की कापूस काढा, ओल धरतो.

१८. या गाड्यांची किंमत वाढते म्हणतात. पैसे गुंतवू का?

शेतातला पैसा यात घालू नका. काही गाड्यांची किंमत वाढते हे खरं आहे, पण ती मोजक्या, चांगल्या स्थितीतल्या, मूळ खोक्यासह असलेल्या गाड्यांची. आणि वाढलेली किंमत हाती यायला गिऱ्हाईक लागतं. आपल्या तालुक्यात ते नसतं. पुणे, मुंबई किंवा परदेशात असतं, म्हणजे पाठवणं, तुटणं, विश्वास सगळं आलं. शंभर गाड्यांतल्या पाच विकल्या जातील. बी-बियाण्याचे, शाळेच्या फीचे पैसे वेगळे ठेवून जे उरतं त्यातलं थोडं यासाठी ठेवा.

१९. नोंद ठेवावी का? किती?

ठेवाच. दोनशे पानी वही पुरते. क्रमांक, तळावरची अक्षरं जशीच्या तशी, कुठून, कोणाकडून, कधी, किती रुपयांत, आणि सोबत सांगितलेली गोष्ट. शेवटचा रकाना लोक सोडून देतात, मी तो सर्वांत मोठा ठेवतो. क्रमांकाची चिठ्ठी गाडीला चिकटवू नका, दोऱ्याने आसाला बांधा.

२०. वडील वारले. माळ्यावरच्या संदुकीत त्यांच्या लहानपणच्या गाड्या निघाल्या. आम्हाला यातलं काही कळत नाही. काय करू?

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला सहा जणांनी विचारला. आधी काही पुसू नका, काही फेकू नका. संदूक उघडली त्या स्थितीत फोटो काढा, मग एकेक उचला. भेगा पडलेली दिसली तर प्रश्न १० प्रमाणे बाजूला. मग तळांचे फोटो काढा, प्रश्न ९ वरून जुळवा. विकायची घाई करू नका. पहिल्या आठवड्यात जो माणूस सगळं एकगठ्ठा मागतो त्याला थांबायला सांगा. वाटणी करायची असेल तर भावंडांनी एकत्र बसून एकेक गाडी निवडावी. मी पाहिलेल्या घरांत ती दुपार चांगली गेली.

आणि संदुकीतले कागद जपा. आर्णीकडच्या एका घरात गाड्यांखाली जिनिंगच्या काट्याची पावती निघाली. पुढे ट्रकचा तीन अक्षरी क्रमांक आणि कापसाचं वजन. मागे पेन्सिलने, लहान मुलाच्या अक्षरात, चार गाड्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे रुपये-आणे. तिसऱ्या नावापुढे आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं, बाबा आणणार. ती तिसरी गाडी संदुकीत होती.